सूचना: रविवारी उपवनला पोर्ट्रेटचा सराव

सभासदांना नमस्कार. येत्या रविवारी सकाळी ६.३० वाजता ठाण्यात उपवन तलावाच्या काठावर जमायचं आहे. ऊन चढायच्या आत आटपायचंय, तेव्हा वेळेवर या.

८५ मिमीची लेन्स असेल तर तीच आणा. क्रॉप सेन्सरवाल्यांना (म्हणजे ज्यांच्या कॅमेऱ्यातला सेन्सर फुल फ्रेमपेक्षा, म्हणजे ३५ मिमी फिल्मच्या मापापेक्षा, लहान आहे त्यांना) ५० मिमी पुरते; ती फुल फ्रेमवरच्या साधारण ७५ ते ८० मिमीसारखी चालते. कॅमेऱ्यासोबत किटमध्ये आलेली १८-५५ मिमीची झूम लेन्स असेल तर ५५ वर ठेवा, नवीन खरेदी नको.

मागच्या वेळी बऱ्याच फोटोंत नाक फुगलेलं आणि कान मागे दडलेले दिसले. दोष लेन्सचा नव्हता, अंतराचा होता. २४ मिमीच्या वाइड लेन्सने चेहरा फ्रेमभर घ्यायचा तर अगदी हातभर अंतरावर जावं लागतं, आणि तिथून नाक कानांपेक्षा फारच जवळ पडतं. दोन मीटर मागे सरकलात की हा फरक फारसा उरत नाही. ८५ मिमीसारखी लांब लेन्स हवी ती त्या अंतरावरूनही चेहरा भरून मिळावा म्हणून. शिवाय समोरचा माणूस मोकळा होतो. मला तर तेच जास्त मोलाचं वाटतं.

फिरायला आलेल्या आजी-आजोबांचे फोटो विचारल्याशिवाय कुणीही काढू नयेत.