नावाच्या दोन पट्ट्यांसाठी, ताई

लक्ष्मीनगरच्या ताईंना सादर नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण नागपुरातून जर्मनीला निघालेल्या पोरापोरींनीही ते वाचावं असं फार वाटतं.

निघायच्या आदल्या दिवशी तुम्ही माझ्या हातात कागदाच्या दोन पट्ट्या ठेवल्या. ठळक छापलेलं आडनाव, वरून पारदर्शक टेप. एक लेटरबॉक्सला, एक बेलला. "पोचल्या पोचल्या चिकटव, बॅगा मग उघड." भरमसाट फी घेणाऱ्या कन्सल्टन्सीने चकचकीत फाइल दिली होती, तिच्यात एवढं एक वाक्य नव्हतं. याचा राग अजून गेलेला नाही.

तिकडे पत्त्यात सहसा फ्लॅट नंबर नसतोच. पोस्टमन डब्यांवरची आडनावं वाचून टपाल टाकतो. नाव दिसलं नाही की पाकीट परत. आणि महत्त्वाचं सगळं टपालानेच येतं: बँकेचं कार्ड एका पाकिटात, त्याचा पिन वेगळ्या पाकिटात, शिवाय टॅक्स नंबर, विम्याचं कार्ड. खोली दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये असेल तर त्याच्या नावाखाली आपलं नाव लावायचंच. लाइपझिगच्या त्या डब्यातून आपल्या नावाचं पहिलं पाकीट निघतं ना, तेव्हा तिथे आपण खरंच राहतो असं वाटतं.

खिडकीचंही तुम्हीच सांगितलंत. आपण मे महिन्यात सकाळी दहालाच खिडक्या लावून कूलर सुरू करणारी माणसं. शून्य अंशात खिडकी सताड उघडायची हे कोणाला सुचणार? पण हीटर बंद करून सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटं उघडली की स्वयंपाकाची, आंघोळीची वाफ निघून जाते. नुसती वरून तिरकी ठेवली तर भिंत गार पडते, ओल धरते आणि कोपऱ्यात काळी बुरशी येते. मग घरमालक डिपॉझिट अडवतो.

पोळीसाठी ४०५ नंबरचं पीठ घेऊ नये, तो मैदाच. गव्हाचं १०५० घ्यावं, अर्धा तास भिजू द्यावं. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या चेपू नयेत, दुकानातलं मशीन बारकोड वाचतं आणि घेताना भरलेल्या डिपॉझिटची, एकेका बाटलीमागे २५ सेंटची, चिठ्ठी देतं. शनिवारी ती चिठ्ठी काउंटरवर देऊन दूध-कांदे घेण्यात जे सुख आहे, ते तुम्हाला वेगळं काय सांगू! रविवारी दुकानं बंद.

ताई, आपलं ना नातं, ना गोतं. ओळखीच्या ओळखीतून मी आले, तुम्ही तर्री-पोहे खाऊ घातले आणि परदेशात राहून कमावलेलं सगळं शहाणपण एका दुपारी देऊन टाकलंत. अशी माणसं आहेत म्हणून घरचे निर्धास्त झोपतात.

मार्चमध्ये नागपूरला येतेय. तिथला राईचा पाव तुम्हाला आवडायचा म्हणाला होतात. तो आठवडाभर टिकतो, निघायच्या दिवशी सकाळी ताजा घेऊन आणते.

तुमची,
प्रतापनगरची पोरगी