आरोपीची पदके आणि मृताचे नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममधील मारहाण आणि खुनाच्या प्रकरणात ऑलिम्पिकपदक विजेता मल्ल सुशीलकुमार याचा जामीन सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये रद्द केला, तेव्हाच्या बहुतेक बातम्यांत बीजिंगचे कांस्य आणि लंडनचे रौप्य पहिल्याच वाक्यात होते. ज्याच्या मृत्यूचा हा खटला आहे, तो माजी कनिष्ठ राष्ट्रीय विजेता सागर धनखड मात्र तिसऱ्या-चौथ्या परिच्छेदात सापडत होता. मे २०२१ मध्ये सुशीलकुमारला अटक झाली तेव्हा काही वाहिन्यांनी निकालच देऊन टाकला होता. पुढे काही आठवड्यांतच तुरुंगात त्याने मागितलेला खुराक आणि कुस्ती पाहण्यासाठी मागितलेला टीव्ही यांच्या बातम्या झाल्या, आणि तुरुंग बदलताना पोलिसांनीच हौसेने त्याच्यासोबत काढलेली छायाचित्रेही झळकली. (खाशाबांच्या पदकानंतर ५६ वर्षांनी कुस्तीत पदक आणणाऱ्या या मल्लाचे आमच्याकडच्या तालमींनाही अप्रूप होतेच, हे नाकारत नाही.)

माध्यमांतील समांतर खटल्यामुळे न्यायदानात अडथळा येतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये, म्हणजे या घटनेच्या चारच महिने आधी, सुशांतसिंह राजपूत प्रकरणातील वार्तांकनाविषयीच्या निकालात बजावले होते. आरोप सिद्ध होईपर्यंत ‘आरोपी’ हाच शब्द वापरावा, साक्षी नोंदवल्या जातात त्या दिवशी न्यायालयात वार्ताहर पाठवावा आणि सागरचे नाव पहिल्या परिच्छेदात यावे, एवढी आपल्या दैनिकाकडून अपेक्षा आहे.

आपला,
एक कुस्तीप्रेमी वाचक, सातारा