रेव्हेन्यू स्टॅम्प मागवले, पोस्टाची तिकिटं आली

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : चुकीची तिकिटं पाठवणे, छापील किमतीपेक्षा जास्त पैसे घेणे आणि परतावा नाकारणे

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनवर चौथ्यांदा फोन केला. एकोणीस मिनिटं थांबवून ठेवल्यावर तुमच्या प्रतिनिधीने तक्रार ‘निकाली’ काढली. माझ्या बाजूने काहीच निकाली निघालेलं नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या सोसायटीचं वॉटरप्रूफिंगचं काम संपलं. अकरा कामगारांना प्रत्येकी ८,५०० रुपये द्यायचे होते. पाच हजारांच्या वरच्या पावतीवर एक रुपयाचा रेव्हेन्यू स्टॅम्प लागतो, आणि खजिनदार म्हणून पावत्या मला ऑडिटरला दाखवाव्या लागतात. तुमच्या ॲपवर ‘रेव्हेन्यू स्टॅम्प, १ रु., १०० नग’ असं दिसलं म्हणून मागवले. पाकीट उघडलं तेव्हा कामगार समोर बसले होते. आत होती एक रुपयाची पोस्टाची तिकिटं. शंभरच्या शंभर. त्या माणसांना गावी जायचं होतं. पैसे दिले, साध्या पावतीवर सह्या घेतल्या. त्यातले तिघे आता गावी आहेत, त्यांच्या पावत्या तशाच पडून आहेत.

आता तो संवाद. मी सांगितलं की ही डाक तिकिटं आहेत. तुमची प्रतिनिधी म्हणाली, “काकू, दोन्ही एक रुपयाचीच आहेत ना? चिकटवून टाका, कोण बघतंय?” मी म्हटलं, ऑडिटर बघतो, आणि वाद कोर्टात गेला तर कोर्ट बघतं. त्यावर ती म्हणाली, “एका रुपयासाठी कोण कोर्टात जातं काकू?” मी वरिष्ठांना द्यायला सांगितलं. त्यांनी मला समजावलं की पूर्वी दोन्हीला एकच तिकीट चालायचं. चालायचं, हे मलाही ठाऊक आहे. १९०६ साली इंग्रज सरकारने अर्ध्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर ‘पोस्टेज अँड रेव्हेन्यू’ असं छापलं होतं. माझ्या पावतीवर या महिन्याची तारीख आहे. दोन्ही तिकिटं नाशिकरोडच्याच प्रेसमध्ये छापली जातात म्हणून ती एक होत नाहीत. एकाने टपालाचा खर्च भरला जातो, दुसऱ्याने मुद्रांक शुल्क. शुल्क न भरलेली पावती पुरावा म्हणून पुढे केली की अडचण येते, आणि ती अडचण पावती जपून ठेवणाऱ्याची असते, तुमची नव्हे. शेवटी साहेब म्हणाले, “पाकीट उघडलंय, परत घेता येणार नाही.” पाकीट न उघडता आत काय आहे ते मला कसं कळणार होतं?

दुसरी गोष्ट पैशांची. एक रुपयाच्या शंभर तिकिटांचे तुम्ही २४० रुपये घेतले, वर डिलिव्हरीचे ६०. डिलिव्हरीचं मी समजू शकते. पण ज्या तिकिटावर सरकारने एक रुपया छापलाय, त्याचे दोन रुपये चाळीस पैसे कशाचे? परवाना असलेल्या मुद्रांक विक्रेत्याला सरकार कमिशन देतं, ते याचसाठी, की त्याने गिऱ्हाइकाकडून छापील किमतीच्या वर एक पैसाही घेऊ नये.

तुमच्याकडे असा परवाना आहे का, हे मी चारही वेळा विचारलं. चारही वेळा मला सांगितलं गेलं की हा ‘ऑफिस स्टेशनरी’ विभागातला माल आहे. स्टॅम्प म्हणजे गोंद किंवा टाचण्या नव्हेत. भारतीय मुद्रांक अधिनियम, १८९९ चं कलम ६९ तुमच्या कायदा विभागाने वाचावं. दहा आणि पाच पैशांची चिकट तिकिटं सोडली, तर नेमणूक नसलेल्या माणसाने मुद्रांक विकणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. एवढ्या मोठ्या कंपनीत विकायला ठेवण्याआधी हे कोणीच पाहिलं नाही, याचा मला खरंच संताप येतो. सहा वर्षं सोसायटीच्या वह्या, पावतीपुस्तकं, फायली मी तुमच्याकडूनच घेतल्या. एकदाही तक्रार केली नव्हती.

माझ्या मागण्या : पूर्ण ३०० रुपये परत करा, तिकिटं तुमच्या खर्चाने घेऊन जा, परवान्याची प्रत ईमेलने पाठवा. परवाना नसेल तर ती विक्री आजच बंद करा. आणि “कोण बघतंय” हे उत्तर ग्राहकाला द्यायला कोणी शिकवलं, तेही लेखी कळवा.

पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार नोंदवीन, आणि ॲपवरच्या जाहिरातीची छायाचित्रं मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे देईन. एका रुपयासाठी कोर्टात कोण जातं, असं विचारलं होतं ना? मी जाईन.

पाकीट, बिल आणि शंभरही तिकिटं माझ्याकडे जपून ठेवलेली आहेत.

खजिनदार, गृहनिर्माण सोसायटी
(ऑर्डर क्रमांक व बिलाची प्रत सोबत जोडली आहे)