मिरजेच्या चाचांना, बंद केलेल्या पंख्याबद्दल

चाचा, सप्रेम नमस्कार.

मी पुण्याची सिस्टर. मे महिन्यात गोधडीत गुंडाळलेला तंबोरा मांडीवर घेऊन तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसले होते, ती. तुमच्याकडे रोज इतकी वाद्यं येतात की मी लक्षात असेनच असं नाही. मजुरी तुम्ही सांगितलीत तेवढी मी दिली आणि तुम्ही ती न मोजता खिशात ठेवलीत. पण ज्या गोष्टीचे तुम्ही पैसेच लावले नाहीत, तिचं देणं राहून गेलंय. ते चारचौघांत सांगावं असं वाटलं, म्हणून हे पत्र उघडं लिहितेय. नातीकडून वाचून घ्या.

तो तंबोरा माझ्या वडिलांनी १९९१ साली मिरजेतूनच आणला होता. मी गाण्याची मध्यमा परीक्षा पूर्ण झाले त्या वर्षी. पुढे नर्सिंग, लग्न, मुलं. तंबोरा आधी कोपऱ्यात गेला, मग कपाटावर. आणि मी गेली चोवीस वर्षं अतिदक्षता विभागात आहे. तिथे शांतता अशी नसतेच. मॉनिटर, व्हेंटिलेटर, सिरिंज पंप, प्रत्येकाचा अलार्म निराळा आणि कान सतत त्यांच्या पाळतीवर. घरी कुकरची शिट्टी झाली तरी मी दचकून उभी राहायचे. सुट्टीच्या दिवशी दहा तास झोपूनही उठताना अंग शिशाचं असायचं. मुलगी म्हणाली, "आई, तू हल्ली गुणगुणतही नाहीस." ते मला फार लागलं.

आमच्याकडे ताण कमी करायचं शिबिर झालं होतं. पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, छंदासाठी वेळ काढा. त्याच आठवड्यात माझी ठरलेली सुट्टी एका फोनवर रद्द झाली आणि फोन करणारे शिबिर भरवणाऱ्यांपैकीच होते. वेळ काढा असं सांगायला कुणाचं काही जात नाही. माणसाला त्याचा वेळ सोडायची पाळी येते तेव्हा सगळे मागे सरतात. हे मी रागानेच लिहितेय.

तरी मी तंबोरा खाली काढला. भोपळ्याला तडा, दोन खुंट्या सैल, तारा गंजलेल्या. शहरातल्या एका मोठ्या दुकानात नेला, तर तिथल्या गृहस्थांनी गोधडीसुद्धा सोडू दिली नाही. म्हणाले, "मोबाइलवर तंबोरा फुकट मिळतो. हा हॉलमध्ये उभा करा, आत दिवा सोडा, शोभून दिसेल." मोबाइलवरच्या तंबोऱ्यावर गाणाऱ्यांबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण वडिलांनी आणलेल्या वाद्यात दिवा सोडायचा? दुसऱ्या एकाने दोन महिने ठेवून घेतला आणि तसाच परत केला, वर एक खुंटी मोडून. त्या दिवशी रिक्षात बसल्यावर मला वाटलं, जाऊ दे, आपलं राहिलंच आता.

मग कोयना एक्स्प्रेसने तुमच्याकडे आले. तुम्ही गोधडी सोडलीत, तड्यावरून अंगठा फिरवलात आणि पहिलं वाक्य बोललात, "भोपळा पंढरपूरकडचा आहे, भीमेकाठचा. जगेल." आमच्या पेशात हा शब्द किती जपून वापरतात ते मला ठाऊक आहे, चाचा. जगेल म्हणायला आम्ही घाबरतो.

तीन आठवड्यांनी न्यायला आले तेव्हा जवारीचं काम बाकी होतं, म्हणजे तारा ज्यावर टेकतात ती घोडी घासून नाद खुलवायचं. "दर्ग्यात जाऊन या, खाँसाहेब तिथेच आहेत," म्हणालात. मीरासाहेबांच्या दर्ग्यात किराणा घराण्याच्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कबरीपाशी थोडी बसले. १९३७ साली ते गेले, आणि अजून दर उरुसाला गवई तिथे येऊन गातात. परत आले तर तुम्ही घोडीवर कानस फिरवत होतात. एकदा फिरवायची, तार छेडायची, डोळे मिटायचे, पुन्हा एकदा. तलवारींना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या हातांतून हे काम मिरजेत कसं आलं, त्यांच्यातल्याच फरीदसाहेबांनी ते कसं उभं केलं, हे तुम्ही मान वर न करता सांगत होतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तो विषयही मीच काढला. तुम्ही नुसते "हो" म्हणालात आणि पुन्हा तार छेडलीत.

मग तंबोरा माझ्या हातात दिलात. मी छेडला आणि म्हणाले, "छान झालाय."

तुम्ही म्हणालात, "छान म्हणू नका ताई. ऐकू आलं का ते सांगा."

मी खरं सांगितलं. "कळेनासं झालंय चाचा. कानात दिवसभर मशिनं वाजत असतात."

यावर तुम्ही काही बोलला नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठलात. पोरांना म्हणालात, "मशीन बंद करा रे, चहा पिऊन या." शटर अर्ध्यावर ओढलंत. मग वर पाहिलंत आणि पंखाही बंद केलात. मिरजेतला मे महिना, दुपारचे तीन, वर पत्रा. तुम्ही माझ्यासमोर येऊन बसलात. बनियन भिजून अंगाला चिकटलं होतं, पण घाम पुसायलाही तुम्ही हात उचलला नाहीत. हलण्याचा आवाज होईल म्हणून.

मी छेडत राहिले. पंचम म्हणजे प, जोडीचे दोन षड्ज म्हणजे सा, मग खालचा सा, तो खर्ज. पुन्हा पंचम. किती वेळ गेला सांगता येणार नाही. दर तासाला बीपी, लघवीचं माप, औषधाची वेळ लिहिणारी बाई मी, पण घड्याळाकडे बघितलंच नाही. आणि मग खर्जाच्या आतून गंधार, म्हणजे ग, आला. तो कुणी तारेत लावलेला नसतो. चार तारांत षड्ज आणि पंचम एवढंच असतं, पण खर्ज सुरात मिळाला आणि जवारी खुली असली की गंधार आपला आपण उमटतो. लहानपणी गाण्याच्या बाई विचारायच्या, "स्वयंभू गंधार आला का ऐकू?" मी भीतीने हो म्हणायचे. खरं तर तेव्हा काही कळायचं नाही. तो मला पहिल्यांदा ऐकू आला तुमच्या दुकानात, पंखा बंद असताना. मी मान वर केली तर तुम्ही हसत होतात. म्हणालात, "आला ना."

काम म्हणून तुम्ही तंबोरा माझ्या हातात देऊन मोकळे होऊ शकला असतात. दुपारचा तासभर कारखाना बंद ठेवणं तुमच्या हिशेबात कुठेच बसत नव्हतं. आमच्या वॉर्डात एक मावशी आहेत. हिवाळ्यात पेशंटला पुसायला घेण्याआधी त्या आपले तळवे एकमेकांवर चोळून गरम करतात. बेशुद्ध पेशंट असला तरी. त्यांना ते कुणी शिकवलेलं नाही, त्याची नोंद कुठल्या रजिस्टरात होत नाही. मी तुमच्याकडून परत येताना गाडीत मला सारख्या त्या मावशी आठवत होत्या. अशा माणसांच्या जिवावर आपण दिवस काढतो, आणि त्यांना तसं सांगत मात्र नाही.

आता मी पावणेपाचला उठते. सकाळची ड्यूटी असली की पाच ते पाच पंचवीस तंबोऱ्यापाशी बसते, रात्रपाळीच्या आठवड्यात घरी येऊन आंघोळ केल्यावर. बहुतेक दिवस नुसता षड्ज लावते. आवाज चिरका झालाय, वरचा सा लागत नाही, कुठे गायला बसायचं नाहीये. तरी वॉर्डात पाऊल टाकते तेव्हा माझ्या अंगात काहीतरी शिल्लक असतं. परवा एक नातेवाईक एकच प्रश्न पाचव्यांदा विचारत होता आणि मी त्याला पाचव्यांदा नीट उत्तर दिलं. आधी दिलं नसतं. पंचवीस मिनिटं झोप कमी झाली, पण दुपारी पायांत गोळे येईस्तोवर थकणारी मी, हल्ली घरी येऊन भाजी निवडताना गुणगुणते. मुलीने ते पकडलं.

मंगळवारी खर्ज थोडा कोरडा वाटला. तारेखालचा दोरा मागेपुढे सरकवून पाहिला, तरी पहिल्यासारखं झालं नाही. तारेने घोडीवर घर केलं, खाच पाडली असावी, जवारी पुन्हा काढावी लागेल बहुतेक. दिवाळीनंतर घेऊन येते. बघा चाचा, हे मला ऐकू आलं.

तुमची,
पुण्याची सिस्टर