एआयची झळ आणि जामीनदार

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एआयमुळे नोकऱ्या राहणार की जाणार यावर हल्ली रोज छापून येते. पण त्याची झळ बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांना कोणत्या वाटेने पोचते, यावर कुणी लिहीत नाही. ती वाट कर्जाला राहिलेल्या जामिनाची आहे. सोसायटीच्या, म्हणजे सहकारी पतसंस्थेच्या, कर्ज विभागात नोकरी केल्यामुळे हे पत्र लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडची मुले पदवी हातात पडली की पुणे नाहीतर बेंगळूर गाठतात. त्यांतली बरीच जण बिलिंग, डेटा एंट्री, ग्राहकांच्या तक्रारी घेणे, सॉफ्टवेअर तपासणे अशा कामांवर असतात. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आले आणि नेमकी हीच कामे यंत्राकडे जाऊ लागली. २०२५ च्या जुलैत टीसीएसने सुमारे १२ हजार माणसे कमी करण्याचे जाहीर केले. कंपनीने कारण एआयचे नव्हे, कौशल्ये जुळत नसल्याचे दिले. कारण कोणतेही असो, घरचा हप्ता त्याने कमी होत नाही.

मुलगा गाडीसाठी, फ्लॅटच्या डिपॉझिटसाठी किंवा बहिणीच्या लग्नासाठी गावच्या सोसायटीतून कर्ज उचलतो. सोबत तीन महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा आणि दोन जामीनदार. एक हायस्कुलात मास्तर असलेले काका, दुसरा उद्यमबागेतल्या फौंड्रीत कामाला जाणारा शेजारी. काका चष्मा शोधत असतात तोवर कुणीतरी म्हणतो, "घाला हो सही, आपलाच पोरगा आहे." कागद कुणी वाचत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ चे कलम १२८ सांगते की करारात वेगळे काही ठरले नसेल, तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. म्हणजे पुण्याच्या हिंजवडीत नोकरी गेली की नोटीस शहापुरात काकांच्या दारात येऊन पडते, आणि शेजाऱ्याशी बोलणे बंद होते ते वेगळेच.

कर्जे थकली की ठेवीदारही अडचणीत येतात. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, सोसायटीतल्या ठेवीला तो नाही. निवृत्तीची सगळी पुंजी एकाच सोसायटीत ठेवणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे कुणीतरी सांगायला हवे.

सोसायट्यांच्या संचालकांना माझी कळकळीची विनंती आहे. स्लिपेवरचा आकडा बघून पाच-सात वर्षांचे कर्ज देऊ नका. मुलगा नेमके काय काम करतो ते विचारा, मुदत आखूड ठेवा. निदान चार-सहा हप्त्यांइतकी रक्कम त्याने बाजूला ठेवली आहे का, तेही बघा. आणि पहिला हप्ता चुकला की त्याच आठवड्यात दोन्ही जामीनदारांना लेखी कळवा. व्याज चढल्यावर वकिलाची नोटीस पाठवून काय उपयोग? ते पत्र त्यांना वाचता येईल असे, म्हणजे आमच्या भागात मराठीत असावे.

आपला,
एक निवृत्त सोसायटी कर्मचारी,
शहापूर, बेळगाव