बोर्ड कधी बदलायचा ते सांगणाऱ्या टेलिफोनवाल्या काकांना

प्रिय काका,

सप्रेम नमस्कार.

आपल्या पंपांच्या सुट्या भागांच्या दुकानातला जुना टेलिफोन बोर्ड उतरवून नवा बसवला, त्यावर आता एक पूर्ण उन्हाळी सीझन निघाला. नवा बोर्ड नीट बसवून दिलात त्याचे आभार मानायचेच आहेत. पण त्याआधी इतकी वर्षं तुम्ही तो बदलू दिला नाहीत, त्याचे आभार मला जास्त मानायचे आहेत. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण सांगलीत आणि बाहेरही आमच्यासारखी ऑफिसं पुष्कळ आहेत आणि बोर्ड विकणारा माणूस त्यांच्याही दारात येतो.

बाहेरच्या चार लाइन आणि आतले सोळा फोन, म्हणजे एक्स्टेन्शन, जोडणारा आमचा तो बोर्ड (ईपीएबीएक्स) बाबांच्या काळातला. ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर त्यावर खरखर सुरू झाली. समोरच्याला पंपाचं ‘थ्रस्ट बेअरिंग’ सांगावं तर त्याला निम्मंच ऐकू जायचं. बोर्ड गेला, असं सगळ्यांनीच ठरवून टाकलं होतं. तुम्ही आलात, बाहेरून येणारी लाइन बोर्डातून सोडवलीत आणि पिशवीतला साधा फोन थेट तिला जोडून माझ्या कानाला लावलात. खरखर तशीच! म्हणजे दोष बोर्डात नव्हताच, पुराचं पाणी शिरलेल्या रस्त्यातल्या केबलच्या जॉइंटमध्ये होता. त्या पाच मिनिटांच्या तपासणीने आमचा मोठा खर्च वाचवला. ज्यांच्या ऑफिसात लाइन खरखरते त्यांनी कोटेशन मागवण्याआधी एवढं करून बघावं.

मग १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावणं सक्तीचं झालं. आमच्या काउंटरवरच्या एक्स्टेन्शनना जुन्या काळचं एसटीडी लॉक होतं, म्हणजे शून्याने सुरू होणारे बाहेरगावचे फोन ते अडवायचं. लाइन घ्यायचा शून्य चालायचा, पुढचा शून्य दाबला की लगेच एंगेज टोन. काउंटरवरून एकाही शेतकऱ्याला फोन लागेना. ‘जुने बोर्ड नव्या नियमात चालत नाहीत,’ असं एक विक्रेता छातीठोकपणे सांगून गेला. तुम्ही ऑपरेटरच्या फोनवरून प्रोग्रॅमिंगमध्ये शिरलात आणि लॉक काढून टाकलंत. आता एसटीडीचे पैसे वेगळे लागतातच कुठे, म्हणालात, मग लॉक ठेवायचं कशाला?

वळवाच्या पावसात वीज पडून चार एक्स्टेन्शन गेली, तेव्हाही तुम्ही आधी मागच्या अंगणात जाऊन अर्थिंगचा खड्डा बघितलात. तो ठणठणीत कोरडा होता. मीठ-कोळसा नव्याने भरून घेतलात, मगच बोर्डातल्या त्या एक्स्टेन्शनच्या कार्डाला हात लावलात. पण ते कार्ड कंपनीने बनवणं कधीच बंद केलं होतं. दुसऱ्या कुणाच्या भंगारात निघालेल्या बोर्डातून काढून तुम्ही ते बसवलंत, आणि निघताना पहिल्यांदा म्हणालात, ‘ताई, आता पैसे बाजूला काढायला लागा.’ घाई करू नका, हेही सांगितलंत. बोर्ड चालतोय तोवर चालवा, पण सुटा भाग भंगारातून आणायची वेळ आली की पुढची तारीख आपल्या हातात राहत नाही. एप्रिलमध्ये बंद पडला तर एप्रिलमध्येच धावाधाव करावी लागेल.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. पुढच्या सीझनला सकाळी अकराच्या सुमारास तुम्ही दुकानात येऊन बसलात आणि आपल्या मोबाइलवरून आमचाच नंबर लावत राहिलात. तासगावच्या द्राक्षबागांना पाणी लागतं, जत-कवठेमहांकाळकडे मोटारी जळतात, ते दिवस. तुमचा फोन जवळपास दरवेळी एंगेज. आणि जे लागत नव्हते त्यांची कुठे नोंदच होत नव्हती, कारण आमच्या बोर्डाला ते फोन येऊन गेल्याचं कळतच नव्हतं. मग तुम्ही काउंटरवरच्या मुलांना बोलावून त्यांच्या स्वतःच्या मोबाइलवर आलेले फोन दाखवायला सांगितलेत. त्यात आमची जुनी गिऱ्हाइकं भरलेली! रिवाइंडिंगवाले, पाइपवाले, मोठे बागायतदार. ऑफिसचा नंबर लागत नाही म्हणून त्यांनी आपापला रस्ता शोधला होता. आदल्या वर्षी एक मुलगा नोकरी सोडून गेला, त्याच्यामागे काही गिऱ्हाइकं का तुटली, ते मला तिथे उभ्या उभ्या समजलं.

‘आता बदला,’ तुम्ही म्हणालात. बोर्ड त्या दिवशीही चालू होता. पण गिऱ्हाईक त्याला वळसा घालून जायला लागलं होतं.

तेव्हाही सरसकट सगळं नवं घ्यायला लावलं नाहीत. मोठ्या भावाने आणलेल्या कोटेशनमध्ये मागच्या गोदामालाही आयपी फोन, म्हणजे नेटवर्कच्या केबलवर चालणारे फोन, होते. नेटवर्कची केबल शंभर मीटरच्या पुढे सलग टाकता येत नाही आणि गोदाम त्याहून लांब, त्यामुळे मध्ये आणखी सामान आलं असतं. गोदामाची जुनी टेलिफोनची वायर चांगली आहे, जुने फोन नव्या नेटवर्कला जोडणाऱ्या छोट्या पेटीवरून, म्हणजे गेटवेवरून, तिथले साधे फोन नव्या बोर्डाला जोडता येतात, असं म्हणून तुम्ही ती ओळच खोडलीत. रिसेप्शन, काउंटर आणि हिशेबाचं टेबल एवढ्यांनाच नवे फोन. एकाच नंबरवर एका वेळी अनेक फोन येतील असं, इंटरनेटच्या पद्धतीने चालणारं एसआयपी कनेक्शन फायबरवर घ्यायला लावलंत, पण नंबर तोच राहील हे लेखी हातात पडेपर्यंत अर्जावर सही करू दिली नाहीत. बाबांनी छापलेल्या बिलबुकांवर, शेतकऱ्यांच्या मोटारपेट्यांवर चिकटवलेल्या स्टिकरांवर तोच नंबर आहे.

विजेचंही तुम्हीच लक्षात आणून दिलंत. तांब्याच्या तारेवर एक्स्चेंजकडून ४८ व्होल्टचा पुरवठा यायचा, त्यामुळे लोडशेडिंगमध्ये सगळं बंद पडलं तरी थेट लाइनवरचा एक फोन तरी वाजायचा. फायबरवर तसं होत नाही. मोडेम, नेटवर्कचा स्विच आणि बोर्ड तिन्ही यूपीएसवर घेतल्याशिवाय काम पुरं धरायचं नाही, हा तुमचा हट्ट होता. कंपनीने घालून दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलून घेतलात आणि परदेशी कॉल बंद करून ठेवलेत, कारण इंटरनेटवरून बोर्डात शिरून कुणी रातोरात परदेशात फोन लावले तर बिल आमच्या नावावर येतं. या गोष्टी कोटेशनमध्ये कुठेच नव्हत्या.

काम पावसाळ्यात, रविवारी केलंत. जुना बोर्ड भिंतीवर तसाच चालू ठेवून एक लाइन त्याच्यावर राहू दिलीत आणि सगळ्यांचा हात बसल्यावरच तो उतरवलात. आता रोज संध्याकाळी सुटलेल्या फोनांची यादी निघते आणि रिसेप्शनवरच्या वहिनी घरी जाण्याआधी एकेकाला उलट फोन करतात. तुटलेल्यांपैकी दोन-तीन गिऱ्हाइकं परत आली आहेत. बाबा आता दुकानात फारसे येत नाहीत, पण ती यादी त्यांना मी वाचून दाखवते.

तुम्ही बोर्ड विकता, तरीही वर्षानुवर्षं आम्हाला ‘अजून नको’ म्हणालात. तुमच्या धंद्यात असं म्हणायला काय लागतं, ते मी स्वतः सुटे भाग विकत असल्यामुळे ओळखते. आमच्या काउंटरवर नवी मोटार मागायला आलेल्या माणसाला जुनीचा नुसता सील बदलून चालेल का, हे आम्ही आता आधी विचारतो. ते तुमच्याकडून घेतलं.

मिरजेत छोटं दुकान घ्यायचं चाललंय. तिथे फोनचं काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. तुम्ही येऊन जागा बघाल, मगच ठरवू. येताना काकूंनाही घेऊन या, जेवायला घरीच.

आपली,
पंपवाल्यांची ताई
सांगली