माझ्या रंगावर त्यांचा बोजा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या दैनिकाचा मी एकवीस वर्षांचा वाचक, आणि त्याहून मोठा गिऱ्हाईक तुमच्या रद्दीचा. रबाळे एमआयडीसीत माझा पावडर कोटिंगचा गाळा आहे. भट्टीतून निघालेले पत्रे एकमेकांना घासू नयेत म्हणून मधे वर्तमानपत्र घालतो. माझी सर्वांत जुनी पार्टी बुडाल्याची बातमी मला या रद्दीनेच दिली. पॅकिंगवरचा पोरगा पान हातात घेऊन आला, "शेठ, ही आपली पॅनलवाली कंपनी ना?" कोपऱ्यात छापलेली जाहीर सूचना होती, तेवीस दिवसांपूर्वीची. दावा दाखल करायची मुदत 14 दिवस.

कायद्याने ही सूचना एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या वर्तमानपत्रात द्यावी लागते. तशी ती दिली होती, तक्रारीला जागा नाही. पण 'कॉर्पोरेट ऋणको', 'अंतरिम ठराव व्यावसायिक' ही मराठी मला तीनदा वाचावी लागली. तिसऱ्या वेळी कळलं, की ज्याने माझे पैसे बुडवले तो ऋणको, ठराव व्यावसायिक म्हणजे बुडालेल्या कंपनीचा कारभार बघायला नेमलेला माणूस, आणि धनको म्हणजे मी. माझे 3 लाख 86 हजार अडकलेले, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणी मला धनको म्हणत होतं.

उशीर झाला तरी दावा घेतात, 90 दिवसांपर्यंत तर घेतातच. पुरवठादारांच्या दाव्याचा फॉर्म बी भरला, चलनं आणि बिलं जोडली. हे पत्र मात्र त्या पैशांसाठी नाही. पुढे जे कळलं त्यासाठी आहे.

माझी पुतणी सीएची आर्टिकलशिप करते. एका रविवारी ऐरोलीला घरी आली, तेव्हा तिने कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर या कंपनीचं नाव टाकून 'चार्ज'ची यादी काढली. आमच्या गावाकडे जमीन घेताना कोणीही आधी सातबारा मागतो, 'इतर हक्क'च्या रकान्यात सोसायटीचा बोजा आहे का बघतो. कंपनीलाही असा सातबारा असतो आणि तो घरबसल्या बघता येतो, हे मला वीस वर्षं धंदा करून माहीत नव्हतं. यादीत दोन बोजे निघाले. पहिला बँकेचा, जुना. दुसरा कंपनीतल्याच एका संचालकांचा. पैशांचा सगळा व्यवहार हेच बघायचे, आमच्या चेकवर सही यांचीच. गेल्या सहा-सात वर्षांत त्यांनी कंपनीला वेळोवेळी मिळून 1 कोटी 90 लाख दिले होते, सगळे बिनतारणी. आणि कंपनी दिवाळखोरीत जायच्या नऊ महिने आधी त्याच जुन्या पैशांसाठी कंपनीची यंत्रं, कच्चा माल आणि तयार माल त्यांनी स्वतःकडे नजरगहाण, म्हणजे माल कंपनीतच ठेवून तारण, लिहून घेतला. कंपनीतर्फे सही त्यांच्या भावाची.

नवा एक रुपया आला नाही. नुसता कागद आला.

तयार मालात काय काय आहे हे मला तोंडपाठ आहे. शटरला सील लागलं त्या दिवशी आत माझ्याकडून रंगून गेलेली चौसष्ट कॅबिनेटं उभी होती. आरएएल 7032, तो करडा रंग, जो वीज मंडळाच्या कुठल्याही खोलीत दिसेल. प्रत्येक कॅबिनेट सात टाक्यांतून काढलेलं: ग्रीस घालवायची, गंज घालवायचा, फॉस्फेट चढवायचं, मधेमधे पाण्यात बुडवायचं. मग पावडर मारून भट्टीत, दोनशे अंशांच्या आसपास. त्या रंगाचे पैसे मला मिळालेले नाहीत, आणि तोच रंग आता संचालक महाशयांच्या कर्जाला तारण आहे.

मी पुतणीला विचारलं, मग माझा बोजा कुठे? माल माझ्या गाळ्यात होता तेव्हा मी का नाही अडवून धरला? ती म्हणाली, काका, तो हक्क आहे. 1872 च्या करार कायद्यात कलम 170 आहे. दुसऱ्याच्या वस्तूवर कसब लावून काम केलं, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. पण लगेच खालचं उदाहरणही तिने वाचून दाखवलं. शिंप्याकडे कोट शिवायला कापड दिलं, शिंप्याने कबूल केलं की कोट झाला की देतो, पैसे तीन महिन्यांनी द्या. त्या शिंप्याला कोट अडवता येत नाही. दीडशे वर्षांपूर्वी कोणीतरी माझंच लिहून ठेवलंय. साठ दिवसांची उधारी मीच बिलावर छापतो. न छापून सांगतो कोणाला? टीटीसीत, म्हणजे आमच्या औद्योगिक पट्ट्यात, उधारी दिली नाही तर काम शेजारच्या गाळ्यात जातं.

म्हणजे माझा हक्क माल टेंपोत चढेपर्यंतसुद्धा नव्हता. त्यांचा हक्क मात्र माल न बघता, न हलवता, कागदावर उभा राहिला आणि पोर्टलवर नोंदला गेला.

संचालकांवर मी आगपाखड करणार नाही. दिवाळीला कामगारांचा बोनस द्यायला त्यांनी घरचं सोनं मोडल्याचं मला माहीत आहे, ठाण्याचा फ्लॅट गहाण आहे हेही माहीत आहे. स्वतःच्या कंपनीला पैसे उसने देणं हा गुन्हा नाही. पैसे देतानाच तारण लिहून घेतलं असतं, तर मी हे पत्र लिहिलं नसतं. लंडनमधल्या एका बुटांच्या कारखानदाराने असंच केलं होतं. सालोमन त्याचं नाव. धंदा कंपनीला विकताना किमतीच्या एका भागापोटी त्याने 10 हजार पौंडांचे तारणी रोखे स्वतःच्या नावे घेतले. कंपनी बुडाली, पुरवठादारांच्या हाती काही आलं नाही, आणि 1896 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने सालोमनच्या बाजूने निकाल दिला. कंपनी वेगळी, माणूस वेगळा. हे पुतणीच्या पुस्तकातलं, मला रुचलेलं नाही, पण निदान त्याचा बोजा पहिल्या दिवसापासूनचा होता. आमच्या संचालकांनी तो बोट बुडायला लागल्यावर चढवला, आणि पाणी किती शिरलंय हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. जूनमध्ये मी थकबाकी मागायला गेलो, तर मला समोसा खायला घालून "ऑर्डरी भरपूर आहेत" म्हणाले. कागद त्याच महिन्यातला आहे.

यावर आपल्याकडे इलाज आहे, आणि तो माझ्यासारख्यांना कळावा म्हणूनच हा खटाटोप. 2016 च्या दिवाळखोरी संहितेच्या कलम 43 नुसार जुन्या कर्जापोटी एखाद्या धनकोला इतरांच्या पुढे नेऊन बसवणारा व्यवहार राष्ट्रीय कंपनी विधी न्यायाधिकरण रद्द करू शकतं. बाहेरच्या माणसाच्या बाबतीत प्रक्रिया सुरू होण्याआधीचं एक वर्ष तपासतात. संचालक, त्यांचे नातेवाईक अशा संबंधित माणसांच्या बाबतीत दोन वर्षं. निव्वळ नोकरीला आहे म्हणून कोणी त्या दोन वर्षांत अडकत नाही, त्याला एकच वर्ष. हेतू वाईट होता हे सिद्ध करत बसावं लागत नाही. जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2020 मध्ये हेच सांगितलं, आणि पालक कंपनीच्या कर्जापोटी जेपी इन्फ्राटेकने गहाण टाकलेली साडेसातशे एकरांहून जास्त जमीन मोकळी केली. नऊ महिने म्हणजे आमचे संचालक दोन वर्षांच्या खूपच आत आहेत.

मात्र हा अर्ज करण्याचं काम कायद्याने ठराव व्यावसायिकावर सोपवलंय. तो बाहेरचा माणूस, त्याच्यासमोर कागदांचे गठ्ठे. धनकोंच्या समितीत मत बँकेला. संबंधित म्हणून संचालकांना तिथे मत नाही, तेवढं बरं. मलाही नाही. माझं येणं एक कोटीच्या आतलं, त्यामुळे 2020 नंतर मी स्वतः न्यायाधिकरणात प्रकरण सुरूही करू शकलो नसतो. लघुउद्योगांचं पेमेंट 45 दिवसांत झालं पाहिजे हा 2006 चा कायदा मी थकबाकीच्या तक्रारींच्या 'समाधान' पोर्टलवर वापरून बघितला होता. दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि कंपनीकडच्या वसुलीवर आलेल्या स्थगितीमुळे ते तिथेच थांबलं.

आणि तिथल्या एकतीस कामगारांचं काय? कंपनी मोडीत काढून विकायची वेळ आली, तर त्यांचा चोवीस महिन्यांचा पगार आणि तारणवाल्यांचं कर्ज एकाच पायरीवर बसतं. त्या पायरीवर बँकेबरोबर संचालकही बसले, तर प्रत्येकाच्या ताटात तेवढं कमी. आमचं ताट तर शेवटच्या पंगतीतलं. त्या पंगतीपर्यंत काही आलं तर आलं.

मी ठराव व्यावसायिकाला त्या बोज्याची प्रत जोडून ईमेल केली, तारखा लाल शाईत. उत्तर आलं, "नोंद घेतली आहे." कामगारांपैकी एकाने तेच पत्र सगळ्यांच्या सह्यांनी पाठवलं. कफ परेडला न्यायाधिकरणात अर्ज गेला आहे, तारीख पडली आहे.

तुमच्याकडे मागणं एवढंच की या सूचना छापताना कंपनीचं नाव आणि दाव्याची शेवटची तारीख जरा ठळक टाका. आमच्याकडे तुमचा अंक सकाळी चहाबरोबर येतो, पण कोपरा वाचायला रद्दीपर्यंत थांबावं लागतं.

मी बिलावरची साठ दिवसांची ओळ काढली आहे. गेल्या आठवड्यात एका पार्टीची चाळीस दारं रंगून तयार झाली. टेंपोवाला दोनदा येऊन गेला. दुसऱ्या वेळी त्याला चहा पाजला, दारं अजून गाळ्यातच आहेत.

आपला,
एक गाळेधारक, रबाळे
(नाव छापू नये ही विनंती)